लिलिएन्टाल कसा पडला?

उन्हाळ्यात सकाळी अकरा-बाराच्या सुमारास शाळेच्या मैदानात उभे राहून वर पाहिले, तर बहुधा एखादी घार घिरट्या घालताना दिसते. पंख पसरलेले असतात, पण हलत नाहीत. तरीही चार-दोन घिरट्यांत ती चांगली उंच गेलेली असते. मैदानाची जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून हलकी होते आणि मोठ्या बुडबुड्यासारखी वर सुटते. घार त्या हवेत राहून वर चढते. पुण्याजवळ हडपसरच्या केंद्रातून उडालेली ग्लायडर ज्यांनी पाहिली असतील, त्यांनी बिनइंजिनाचे विमान याच युक्तीने उंची मिळवताना पाहिले असेल.

अशाच एका उन्हाच्या दुपारी, रविवारी ९ ऑगस्ट १८९६ रोजी, बर्लिनच्या वायव्येला श्टोल्न नावाच्या खेड्याजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवरून ओटो लिलिएन्टाल आपल्या ग्लायडरसह हवेत उतरला. त्या दिवशीची आधीची उड्डाणे चांगली झाली होती. या वेळी मात्र ग्लायडरचे नाक एकाएकी वर गेले. यंत्र हवेत क्षणभर थबकले आणि सुमारे १५ मीटर उंचीवरून खाली कोसळले. त्याचा कारागीर पाउल बायलिश धावत गेला. लिलिएन्टालच्या मानेचा मणका मोडला होता. त्याला घोडागाडीतून गावात आणि दुसऱ्या दिवशी आगगाडीने बर्लिनला नेले. तिथे शल्यविशारद बेर्गमान यांच्या रुग्णालयात १० ऑगस्टला त्याचा मृत्यू झाला. वय ४८.

बर्लिनच्या लांकविट्झ भागात त्याची कबर आहे. तिच्यावर, बळी हे द्यावेच लागतात, अशा अर्थाचे एक वाक्य कोरलेले आहे. हे त्याचे अखेरचे शब्द होते असे पुष्कळ पुस्तकांतून सांगितले जाते. त्याने ते खरोखर उच्चारले, याला भक्कम पुरावा नाही. पण त्याहीपेक्षा आम्हाला या वाक्याची दुसरीच अडचण वाटते. ते एकदा फळ्यावर लिहिले की वर्गातला पुढचा प्रश्न बंद होतो. बळी द्यावाच लागणार होता, तर मग विचारायचे काय? आणि विचारण्याजोगा प्रश्न तर अगदी साधा आहे. हजारो वेळा सुखरूप उतरलेला माणूस त्या दिवशी पडला कसा?

हा प्रश्न त्याच्या मागे राहिलेल्या मंडळींनी सोडला नाही, म्हणूनच त्याची आठवण आज नुसती स्मारकापुरती उरलेली नाही.

माणूस

ओटोचा जन्म २३ मे १८४८ चा, बाल्टिक समुद्राजवळच्या आंक्लाम गावातला. त्याच्या पाठचा भाऊ गुस्ताव. गावाभोवतीच्या ओल्या कुरणांत करकोचे उतरत. ते वाऱ्याकडे तोंड करून चार पावले धावतात आणि मग अलगद उचलले जातात, हे या दोन भावांनी लहानपणीच टिपले होते. शाळकरी वयात त्यांनी फळ्यांचे पंख करून हातांना बांधले. शाळेतली मुले हसतील म्हणून ते प्रयोग रात्री करत. उडणे अर्थातच जमले नाही.

पुढे ओटो यंत्र-अभियंता झाला. बर्लिनमध्ये त्याने स्वतःचा कारखाना काढला. वेटोळ्या नळ्यांचा, स्फोटाचा धोका कमी असलेला बाष्पित्र हे त्याचे कमाईचे साधन. (सुरक्षित बॉयलर विकून पोट भरणारा माणूस रविवारी टेकडीवरून उडी मारत असे, याची गंमत त्याच्या शेजाऱ्यांनाही वाटत असेल!) १८९० पासून तो नफ्याचा चौथा हिस्सा कामगारांना वाटू लागला. कामगारांना परवडेल अशा तिकिटात नाटके दाखवणाऱ्या एका नाट्यगृहातही त्याने लक्ष घातले. बर्लिनच्या वायुनौकानयनाला उत्तेजन देणाऱ्या मंडळाचा तो सभासद होता. तिथल्या बहुतेकांचा ओढा बलूनकडे. हवेपेक्षा जड यंत्राने उडता येईल असे मानणारे थोडे. अशा मंडळींसमोर तो व्याख्याने देई, मापे मांडी, आकृत्या दाखवी.

मापे ही त्याची खरी कमाई. दोघा भावांनी एक उभा खांब, त्यावर फिरणारी आडवी भुजा आणि तिच्या टोकांना बसवलेले छोटे पंख असे साधे उपकरण केले होते. वजने खाली सोडली की भुजा फिरे आणि पंखावर हवा किती जोर लावते ते मोजता येई. सपाट पंख, बाकदार पंख, कमी कलता, जास्त कलता अशी मोजणी त्यांनी वर्षानुवर्षे केली. निष्कर्ष असा की पंखाला थोडा बाक असला, म्हणजे त्याच्या रुंदीच्या सुमारे बाराव्या हिश्शाइतकी उंची मध्ये असली, तर तो सपाट पंखापेक्षा खूपच जास्त उचल देतो. १८८९ साली त्याने हे सारे पुस्तकरूपाने छापले. सोबत तक्ते आणि आलेख दिले. काही लपवून ठेवले नाही.

मग १८९१ पासून प्रत्यक्ष उड्डाणे. पहिली जेमतेम २५ मीटरची. पुढे ऱ्हिनोवच्या टेकड्यांवरून तो २५० मीटरपर्यंत जाऊ लागला. १८९४ मध्ये त्याने बर्लिनच्या लिश्टरफेल्डे भागात १५ मीटर उंचीची मातीची टेकडी मुद्दाम उभी करून घेतली. ती शंकूसारखी गोल होती, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी त्याच्याकडे तोंड करून धावता येई. ओटोमार आन्श्युट्झ या छायाचित्रकाराने काढलेली त्याची उडतानाची चित्रे जगभरच्या मासिकांत छापून आली. माणूस हवेत आहे, हे लोकांनी प्रथमच कागदावर पाहिले. पाच वर्षांत त्याची सुमारे २००० उड्डाणे झाली. ग्लायडरचा एक नमुना तो विकतही असे. किमान नऊ तरी विकली गेली. पुढे भौतिकीत नाव मिळवलेला अमेरिकन रॉबर्ट वुड त्या वेळी बर्लिनला शिकत होता. अपघाताच्या आठवडाभर आधी तो त्याच टेकड्यांवर लिलिएन्टालबरोबर होता आणि त्याने त्याची छायाचित्रे घेतली होती.

यंत्र आणि हिशेब

त्याचे नेहमीचे ग्लायडर विलोच्या, म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या, लवचीक काठ्यांवर सुती कापड ताणून केलेले असे. पंखांचा विस्तार ६.७ मीटर, क्षेत्रफळ सुमारे १३ चौ. मीटर आणि वजन अवघे २० किलो. उडणारा मधल्या मोकळ्या जागेत उभा राही. दोन्ही हात कोपरांपर्यंत गाद्या लावलेल्या आधारांत घातलेले, आणि कमरेपासून खालचे शरीर हवेत लोंबते. सुकाणू नाही, दांडा नाही. पाय पुढे झोकले की नाक खाली, मागे नेले की नाक वर, उजवीकडे झोकले की यंत्र उजवीकडे कलणार. सर्कशीतला दोरीवरचा माणूस तोल सांभाळतो, तसाच हा प्रकार.

आता थोडा हिशेब करू. नववी-दहावीच्या मुलांना तो जमेल. माणूस ८० किलो धरला तर एकूण १०० किलो, म्हणजे साधारण ९८० न्यूटन वजन हवेने पेलायचे. पंखाची उचल अशी मिळते: हवेच्या घनतेची निमपट, गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले पंखाचे क्षेत्रफळ, गुणिले पंखाच्या आकारावर व कलावर अवलंबून असणारा एक गुणक. हा गुणक १ आणि हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलो धरली, तर वेगाचा वर्ग सुमारे १२५ येतो आणि वेग सेकंदाला ११ मीटर, म्हणजे ताशी ४० कि.मी. समोरून ताशी २० कि.मी. वारा असेल तर आपण उरलेले २० धावून मिळवायचे. करकोचा वाऱ्याकडे तोंड करून का धावतो, त्याचे उत्तर याच आकड्यांत आहे. आणि एक गोष्ट लक्षात घ्यावी. इथे मोजायचा वेग जमिनीच्या संदर्भातला नाही, हवेच्या संदर्भातला आहे.

या सूत्रातला गुणक आपल्याला उद्याच्या धोक्याकडे नेतो. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातल्या कोनाला आघातकोन म्हणतात. तो वाढवला की गुणक वाढतो, म्हणजे कमी वेगातही उचल पुरते. पण हे एका मर्यादेपर्यंतच. साधारण १५ अंशांच्या पुढे पंखाच्या वरच्या बाजूने जाणारी हवा पंखाचा बाक सोडून देते. ती सुटी होऊन भोवरे करू लागते. उचल घसरते आणि मागे खेचणारा अडथळा एकदम वाढतो. वैमानिकांच्या भाषेत याला स्टॉल म्हणतात. इंजिनाशी या शब्दाचा संबंध नाही. मोटारगाडी स्टॉल होते ते वेगळे, पंख स्टॉल होतो ते वेगळे, हे मुलांना आधीच सांगून टाकावे.

हे वर्गात दाखवता येते. एक पोस्टकार्ड किंचित बाक देऊन घ्या. त्याच्या वरच्या बाजूला लोकरीचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे एका टोकाला चिकटवा. टेबलफॅनसमोर मीटरभर अंतरावर ते धरा. पंख्याची हवा गिरक्या घेत येते, म्हणून मध्ये बाटल्यांच्या खोक्यातली पुठ्ठ्याची जाळी ठेवली तर बरे. कार्ड जवळजवळ आडवे असताना धागे शहाण्यासारखे मागे वळून पडून राहतात. कार्ड हळूहळू कलते करत गेलात, की एका कोनाला ते एकदम पिसाळतात, थरथरतात, काही तर उलटे पुढे वळतात. हवेने पंख सोडला तो हा क्षण.

दुसरा प्रयोग याहून महत्त्वाचा. रुंद पंखांचे कागदी विमान करा आणि नाकाला एक यू-पिन लावा. पिन पुढे-मागे सरकवून ते सरळ, संथ उतरेल असे करा. आता पिन थोडी मागे सरकवा आणि पुन्हा सोडा. विमान नाक वर करील, मंदावेल, हवेत क्षणभर थांबल्यासारखे होईल आणि मग नाक खाली टाकून कोसळेल. उंची पुरेशी असेल तर पडता पडता त्याला पुन्हा वेग मिळतो, पंख पुन्हा हवा धरतो आणि ते सावरते. स्टुलावर उभे राहून सोडले तर सावरण्याआधीच जमीन येते. पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यातून सोडले (हे शिक्षकांनी स्वतः करावे) तर बहुधा सावरते. दोन्ही वेळा चूक तीच. फरक फक्त खाली शिल्लक असलेल्या उंचीचा.

गोलेनबर्गवर नेमके हेच घडले असावे. समोरून येणारा वारा एकदम बदलला, किंवा तापलेल्या उतारावरून सुटलेला हवेचा बुडबुडा खालून आला. खालून येणारी हवा आघातकोन एकाएकी वाढवते. नाक वर गेले, वेग गेला, पंख स्टॉल झाला. लिलिएन्टालने पाय पुढे झोकले असणारच. इतक्या वर्षांच्या सवयीने शरीर ते आपोआप करते. पण हात आधारांत अडकलेले असल्याने सरकू शकत होते ते फक्त कमरेखालचे शरीर. सगळे ८० किलो पुढे नेता आले असते, तर गुरुत्वमध्य पुरेसा हलला असता. १९७० च्या दशकात लोकप्रिय झालेल्या हँग ग्लायडरमध्ये माणूस पट्ट्याने टांगलेला असतो आणि समोरच्या दांड्याला धरून अख्खे शरीर पुढे ओढतो. तत्त्व लिलिएन्टालचेच, पण टांगण्याची जागा बदलल्यामुळे त्याची ताकद कितीतरी वाढली. आणि उंची? १५ मीटर खाली यायला पावणेदोन सेकंद लागतात, आणि जमिनीला टेकताना वेग ताशी ६० कि.मी.च्या घरात असतो. सावरायला तेवढा वेळ पुरत नाही.

त्याला हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. काही वर्षे आधी याच प्रकारे तो एकदा कोसळला होता. त्या वेळी पुढच्या बाजूला लावलेल्या विलोच्या कमानीने धक्का झेलला. कमान मोडली, तो किरकोळ जखमांवर निभावला. घडलेले सगळे त्याने लिहून छापायला दिले. आपल्या पडण्याचा वृत्तांत इतरांच्या उपयोगासाठी लिहिणारा वैमानिक हा आमच्या मते त्याच्या उड्डाणांइतकाच दुर्मीळ होता.

यंत्रच मुळात सदोष होते का, ही शंका पुढे शंभर वर्षे राहिली. २०१६ मध्ये जर्मनीच्या अवकाश व विमानविद्या संशोधन केंद्राने, आंक्लामच्या लिलिएन्टाल संग्रहालयाच्या मदतीने, त्याच्या ग्लायडरची हुबेहूब प्रतिकृती मोठ्या वातबोगद्यात तपासली. नेहमीच्या उड्डाणात हे यंत्र पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे बऱ्यापैकी स्थिर असल्याचे आढळले. म्हणजे २००० वेळा तो उतरला त्यात नुसते नशीब नव्हते. स्थिरता होती. कमी पडत होता तो बिघडलेला तोल परत आणण्याचा जोर.

त्यानंतर

इंग्लंडमध्ये पर्सी पिल्चर हा त्याचा सर्वांत जवळचा शिष्य म्हणता येईल. ग्लासगो विद्यापीठात तो जहाजबांधणी शिकवण्यात साहाय्य करी. तो बर्लिनला जाऊन लिलिएन्टालच्या टेकडीवरून उडाला होता, त्याच्याकडून ग्लायडर विकत घेऊन आला होता. त्याने स्वतःची चार ग्लायडर केली आणि इंजिनाचे विमानही जवळजवळ तयार केले. ३० सप्टेंबर १८९९ रोजी लेस्टरशायरमध्ये पाहुण्यांसमोर ते दाखवायचे होते, पण इंजिन नादुरुस्त झाले. लोकांची निराशा नको म्हणून पावसाळी हवेतच तो जुन्या ग्लायडरमधून उडाला. शेपटीची एक काठी मोडली आणि तो सुमारे १० मीटरवरून पडला. २ ऑक्टोबरला तो गेला, वय ३२. दोन्ही अपघात 'ग्लायडरचे बळी' म्हणून एकाच ओळीत लिहिण्याची पद्धत आहे. पण एकात सांगाडा मोडला, दुसऱ्यात सांगाडा शाबूत असून पंखाने हवा सोडली. पहिल्यावर उपाय मजबूत काठी आणि कोरडा दिवस. दुसऱ्यावर कितीही मजबूत काठी कामाची नाही.

अमेरिकेत डेटन गावी सायकलींचे दुकान चालवणाऱ्या विल्बर आणि ऑर्व्हिल राईट या भावांनी लिलिएन्टालच्या मृत्यूची बातमी १८९६ मध्येच वाचली होती. उड्डाणाचे लहानपणचे वेड त्या छोट्या बातमीने पुन्हा जागे झाले, असे विल्बरने नंतर सांगितले आहे. त्यांनी लिलिएन्टालच्या पद्धतीतली नेमकी एक गोष्ट टाकली, शरीर झोकून तोल सांभाळण्याची. त्याऐवजी पंखच पिळायचे आणि नाक वर-खाली करायला वेगळी आडवी पट्टी वापरायची, असे त्यांनी ठरवले. ही पट्टी शेपटीला न लावता त्यांनी पुढे लावली. जुलै १९०१ मध्ये किटी हॉकजवळच्या वाळूवर विल्बरचे ग्लायडर हवेत नाक वर करून थबकले. लिलिएन्टालला ज्याने ओढून नेले तीच ही अवस्था, हे त्याने ओळखले. पण यंत्र नाकावर कोसळले नाही. सपाट राहून खाली बसले, आणि विल्बरला खरचटलेही नाही.

त्याच हंगामात दुसरी अडचण उभी राहिली. लिलिएन्टालच्या तक्त्यांवरून जितकी उचल यायला हवी, तिच्या जेमतेम एक-तृतीयांश उचल मिळत होती. साहजिकच संशय तक्त्यांवर गेला. ज्याच्या आकड्यांवर भरवसा ठेवून आपण जीव धोक्यात घालतो, ते आकडेच चुकीचे असतील तर? मेलेल्या माणसाला विचारता येत नाही. दोघा भावांनी मग सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, तिच्या एका तोंडाला पंखा बसवला, आणि करवतीची पाती व सायकलच्या आऱ्यांच्या तारा वापरून नाजूक तराजू बनवला. १९०१ च्या शरद ऋतूत या वातबोगद्यात त्यांनी सुमारे २०० छोटे पंख तपासले.

निकाल त्यांनाही अनपेक्षित होता. लिलिएन्टालचा तक्ता त्याच्या पंखाच्या आकारापुरता जवळजवळ बरोबर होता. मोठी चूक दुसरीकडे होती. तक्त्यातल्या आकड्याला हवेच्या दाबाच्या ज्या गुणकाने गुणायचे, तो अठराव्या शतकापासून ०.००५ असा डोळे मिटून वापरला जात होता. तो ०.००३३ च्या आसपास निघाला, म्हणजे उचल दीडपट फुगवून धरली जात होती. शिवाय लिलिएन्टालचे मोजलेले पंख एका आकाराचे आणि राईटांचे दुसऱ्याच आकाराचे. एका पंखाचा तक्ता दुसऱ्याला लावला ही त्यांची स्वतःची चूक. मुलांना तक्ते वापरायला शिकवताना हा प्रसंग जरूर सांगावा. लॉगटेबल उघडण्याआधी ते कशाचे आहे हे पाहायचे असते.

सप्टेंबर १९०१ मध्ये शिकागोच्या अभियंत्यांपुढे बोलताना विल्बरने एक हिशेब मांडला होता. पाच वर्षांतली लिलिएन्टालची सगळी उड्डाणे एकत्र केली, तरी तो प्रत्यक्ष हवेत राहिला असेल सुमारे पाच तास. सायकल शिकणाऱ्याला दहा-दहा सेकंद करून पाच वर्षांत मिळून पाच तास सराव दिला, तर तो गर्दीच्या रस्त्यावरून सायकल नेण्याचे धाडस करील का, असे त्याने विचारले. सायकलवाल्यालाच सुचावी अशी ही तुलना. इतक्या थोड्या सरावात त्याने इतके साध्य केले याचेच आश्चर्य वाटते, असेही तो म्हणाला.

पुढे विल्बरने लिलिएन्टालवर एक छोटा लेख लिहिला. एकोणिसाव्या शतकात उड्डाणाचा प्रश्न हाती घेतलेल्यांमध्ये त्याने लिलिएन्टालला सर्वांत वरचे स्थान दिले, आणि त्याच्या चुकाही न लपवता सांगितल्या. अमेरिकेच्या एरो क्लबच्या पत्रिकेत सप्टेंबर १९१२ च्या अंकात तो लेख छापून आला. तोपर्यंत विल्बरला जाऊन साडेतीन महिने झाले होते. तो विषमज्वराने गेला, अंथरुणावर, आपल्या घरी.